सावळारामचे तीन उतार

सावळाराम गेल्याची बातमी राजूरकडून आलेल्या मोटारीच्या क्लीनरनं नगरला माझ्या दुकानात आणली, आणि मी खो खो हसलो. म्हटलं, "बरी आहे थाप, पण सांगताना डोळ्यांत पाणी आणायचं नसतं." क्लीनरनं खांद्यावरच्या फडक्यानं डोळे पुसले... बिस्किटांचा डबा तसाच उघडा टाकून मी खाली बसलो.

लढाईच्या दिवसांत सावळाराम इथल्या कॅम्पात एका गोऱ्या कप्तानाचा बेअरर, म्हणजे खासगी नोकर होता. कप्तान त्याला काश्मिरात घेऊन गेला. तिथं साहेब, मडमा, दूधपिती पोरं, सगळी पायांना फळ्या बांधून बर्फावरून घसरतात हे तो पाहून आला आणि माझ्या दुकानातल्या खोक्यावर बसून सांगू लागला. तेच मी गिऱ्हाइकांना सांगे. माझ्या तोंडी बर्फ भुईकोटाच्या तटाएवढा चढे आणि कप्तान घसरत घसरत थेट पेशावरला पोचे. कुणी शंका काढली की खोक्यावरून सावळाराम गंभीरपणे म्हणे, "व्हय, मी हुतो तिथं." झालं! पुढं कोण बोलणार?

लढाई संपल्यावर तो राजूरकडे, भंडारदऱ्याजवळ आपल्या गावी गेला. एका दिवाळीनंतर त्यानं मला बोलावून घेतलं. डोंगरावरचं गवत वाळून रेशमासारखं निसरडं झालेलं. यानं बांबू उभे चिरून, टोकं विस्तवावर वाकवून, करंजाचं तेल चोळून पायांत बांधायच्या जोड्या केलेल्या. उतार तीन: पोरांचा, म्हाताऱ्यांचा आणि घरी भांडून आलेल्यांचा. पायथ्याला पेंढ्याचे ढीग. वर चढण्याआधी प्रत्येकानं पेंढ्यात मुद्दाम पडून दाखवायचं.

"ज्याला पडाया लाज वाटती, त्योच हाडं मोडून घेतो," तो म्हणे.

त्याची म्हातारी आई कासोटा आवळून पडली, वर चढली आणि सुसाट खाली आली. पेंढ्यातून डोकं काढून ओरडली, "मेल्या, आदी का न्हाई सांगितलंस? निम्मा जलम चालन्यात गेला की माजा!"

तिसऱ्या उतारावरून मीही आलो. वाटेत एक ससा मागं टाकला. खाली सावळाराम हात पसरून उभा, "या शेट, मी हाय!"

यातलं अक्षर न् अक्षर खरं आहे. ससासुद्धा. पण दुकानात सांगितलं की लोक टाळ्या देतात, "शेट, आज रंगात आलात!" म्हणून हल्ली मी गोष्ट कमी करत चाललोय. आधी ससा काढला. मग तिसरा उतार. परवा तर म्हातारीलाही घरी बसवलं. तरी कुणी मानत नाही. उरलं काय, तर डोंगर आणि गवत... त्यावरही हसले.

सावळारामच्या खोक्यावर कुणी बसू लागलं की मी आधीच तिथं बिस्किटांचा डबा ठेवतो. आणि गोष्ट संपली की त्या बाजूला मान वळवून जरा थांबतो. त्याला "व्हय" म्हणायला लागायचा तेवढाच वेळ. मग पुड्या बांधायला घेतो.