फुकटात आलेला फिका मासा

लिहायचं लिहायचं म्हणत चार रविवार गेले. एकदा फोनची बॅटरी संपली, एकदा किल्ल्यावर चक्कर मारायला गेलो तो तिथंच संध्याकाळ झाली... खरं कारण वेगळंच. यात माझ्या हातून एक चूक झालीय आणि ती सांगायला जीभ रेटत नव्हती.

मी सध्या नळदुर्गात मावशीकडं असतो. बारावीनंतर तीन कोर्स अर्धवट सोडले. तेव्हापासून मी काहीही नवीन धरलं की मावशी विचारते, "हे कवा सोडणार?" माशांची टाकी आणली तेव्हाही तेच विचारलं.

मासे सोलापूरहून आणलेले. ॲपिस्टो म्हणतात त्यांना, सिक्लिड नावाच्या माशांमधली बुटकी जात, दोन-तीन इंचाची. नर बघून मी येडाच झालो... शेपटीवर शेंदरी ठिपके आणि पाठीवरचे काटे काकाकुव्याच्या तुऱ्यासारखे उभे!

दुकानवाले चाचा पिशवी बांधता बांधता थांबले. जाळीनं एक बारका, मातकट मासा उचलून आत टाकला. "फिका हाय, कोण घेत न्हाय. ने फुकट."

आमचं बोअरचं पाणी इतकं जड की पातेल्याला पांढरा थर बसतो. म्हणून टाकीत निम्मं जारचं पाणी घातलं. शाळेमागं टाकीत घालायला बदामाची वाळलेली पानं गोळा करायला गेलो, तिथं क्रिकेट चालू होतं, दोन ओव्हर टाकल्या आणि पानं तिथंच विसरून आलो. परत गेलो.

माशांना लपायला जागा लागते. मावशीनं तुळजापूरला नारळ फोडला होता, त्याच्या करवंटीला छोटं दार कापून ती टाकीत पालथी ठेवली. उकळून घेतली होती, तरी वरच्या शेंडीत हळद-कुंकू थोडं अडकून राहिलंच होतं.

दोन आठवड्यांनी तो फिका मासा एका दिवसात पिवळाधमक झाला. डोळ्यावरून काळी रेघ, आणि करवंटीच्या दारात ठाण मांडून उभा. रंगीत नर जवळ आला की त्याच्या अंगावर धावायचा.

मावशी चहाचा कप घेऊन टाकीपुढं वाकली. "आरं, देवीची हळद उतरली बघ पाण्यात. रंगला की बिचारा."

मला शंभर टक्के पटलं. आता हा हळदीनं मरतो, या भीतीनं करवंटी बाहेर काढली आणि मोरीत बसून काथ्यानं आतबाहेर खसाखसा घासली. खसखशीएवढे लालसर दाणे पाण्याबरोबर वाहून गेले. मला वाटलं, कुंकू.

मग माशांच्या ग्रुपवर फोटो टाकला... मासा हळदीनं पिवळा झालाय, काय करू? एका ताईंनी उलट विचारलं, "करवंटीत आतून, वरच्या बाजूला बघितलंत का? अंडी असतील." तो मासा म्हणजे मादी होती. ॲपिस्टोची मादी एरवी मातकटच असते, अंडी राखायला बसली की पिवळी होते.

वाचलं आणि उठून मोरीत बघून आलो. आता काय असणार तिथं...

घासलेली करवंटी मी परत जागेवर ठेवली होती. मादी तीन दिवस त्या दारात उभी होती, तशीच पिवळी. आत काहीच नव्हतं. टाकीजवळून जाताना मी दुसरीकडं बघायचो. चौथ्या दिवशी ती परत फिकी झाली.

वीसेक दिवसांनी ती पुन्हा पिवळी दिसली. त्याच सकाळी मी मित्राबरोबर हंपीला निघालो होतो, बॅग पाठीवर, तो गेटवर हॉर्न देतोय. "तू जा," म्हणालो. त्याला वाटलं घरात कुणी आजारी आहे.

नराला वेगळ्या टबात हलवलं, कारण ती त्याला जगू देत नव्हती. लाईट गेली की हवेचा पंप बंद पडतो, म्हणून बॅटरीवरचा आणून ठेवला. मावशीनं टाकीवर जुनी साडी पांघरली आणि मलाच दम दिला, "हात घालायचा न्हाय आता. म्या बी काय बोलणार न्हाय."

नवव्या दिवशी ती करवंटीतून बाहेर आली. मागं तिळाएवढे ठिपके, सगळे हलणारे. ती थांबली की तेही थांबायचे.

मावशीनं चष्मा लावला, काचेला नाक टेकवलं. "बया... ही तर पोरं घिऊन शाळंला निघाली!"

त्याला आता महिना झाला. पिल्लांना आर्टेमिया, म्हणजे ठिपक्याएवढी कोळंबी, उबवून घालतोय, दिवसातनं तीनदा, न चुकता. मी सोडून दिलेल्या गोष्टींची यादी लांब आहे. ही सुटली नाही, त्याचं श्रेय मी घेत नाही... रिकाम्या करवंटीपुढं तिनं काढलेले ते तीन दिवस डोळ्यांसमोरून जात नाहीत.

परवा चाचांना करवंटीभोवती फिरणाऱ्या पिल्लांचा व्हिडिओ पाठवला. खाली लिहिलं, "तुमचा फिका मासा." निळी टिक आली, उत्तर नाही. म्हटलं, टोमणा वाटून रागावले असतील.

थांबा, दारात स्कूटर वाजली... मावशी हाक मारतेय. अहो, चाचाच आलेत, थेट सोलापूरहून! हातात पाण्यानं फुगलेली पिशवी, आणि पिशवीत दुकानात उरलेले झाडून सगळे फिके मासे. "पैले ती करवंटी दाखव," म्हणतायत.