अपमान लिहून मिळतील

माझ्या आयुष्यात मी जे काही लिहिलं त्यापैकी सर्वांत जास्त वाचलं गेलेलं वाक्य बॉक्सिंगबद्दलचं आहे. ते खरं होतं, साधं होतं आणि कुणीही ते तसं वाचलं नाही.

तेव्हा मी सदाशिव पेठेत एका दंतवैद्याच्या वरच्या मजल्यावर असलेल्या जाहिरात संस्थेत कामाला होते. संस्था म्हणजे मालक, मी आणि एक संगणक. तिघांपैकी संगणकाला एसी होता. मराठी घेऊन एम.ए. झालेल्या मुलीने काय करावं याबद्दल घरात बरीच वर्षं चर्चा चालली होती. ती मी फ्लॅटच्या जाहिराती लिहू लागल्यावर थांबली. हडपसरकडचे मळे मोडून उभ्या राहणाऱ्या इमारतींना 'निसर्गाच्या कुशीत' म्हणायचं, एवढं ते काम होतं. कूस कुठे गेली हे गिऱ्हाईक विचारत नसे.

आमचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक म्हणजे एक बिल्डर, हडपसरचाच. त्याच्या वडिलांनी त्या जमिनीत कांदा आणि फ्लॉवर काढला होता, तो तिथे आयटी पार्क काढत होता. पार्कात इंजिनियर लोकांसाठी क्लब होता, क्लबात जिम होती, आणि क्लबच्या उद्घाटनाला काहीतरी 'इव्हेंट' हवा होता. दुसऱ्या कुणी नटी आणली असती. याने केबलवर परदेशातला एक बॉक्सिंगचा सामना पाहिला होता. सामन्यापेक्षा त्याला त्याच्या आधीची पत्रकार परिषद आवडली होती. दोघं नाकाला नाक लावून उभे राहतात, एकमेकांना शिव्या देतात, मधे माणसं पडतात.

"मॅडम, तसं पायजे," तो म्हणाला. "सामना काय, कुणीबी करतंय. आधी हवा पायजे."

शहराला बॉक्सिंगचा चॅम्पियन होता. हे शहराला माहीत नव्हतं, पण होता. पस्तिशीचा, हडपसरच्याच बाजूचा, एका इंजिनाच्या कारखान्यात फिटर. खेळाडू म्हणून तिथे लागला होता. कारखान्याने नुकतीच कामगारांना स्वेच्छानिवृत्ती दिली होती. स्वेच्छा कुणाची, हे तेव्हा विचारायची पद्धत नव्हती. आता तो सकाळ-संध्याकाळ एका शाळेमागच्या पत्र्याच्या शेडमध्ये मुलांना बॉक्सिंग शिकवत होता आणि मधल्या वेळात बायकोला घरात सारखं दिसू नये म्हणून बाहेर राहत होता.

आव्हानवीर त्याच शेडमध्ये तयार झालेला. बाविशीचा, वडील सरकारी कचेरीत हेडक्लार्क, बहीण बँकेत. घरात बाबासाहेबांच्या फोटोखाली पदव्यांच्या चौकटी ओळीने लावलेल्या होत्या आणि पुढची जागा याच्यासाठी मोकळी ठेवलेली होती. तो बुधवार पेठेत संगणकाचा कोर्स करत होता.

जो जिंकेल त्याला क्लबात 'फिटनेस मॅनेजर'ची नोकरी, असं बिल्डरने जाहीर केलं. कायम नोकरी, प्रॉव्हिडंट फंडासकट. आव्हानवीराला सामना जिंकायचा होता. चॅम्पियनला नोकरी हवी होती. सामना एकच असला तरी दोघं वेगवेगळ्या गोष्टींसाठी लढत होते, हे शेडमधल्या सगळ्यांना ठाऊक होतं.

माझ्याकडे काम आलं ते अपमानांचं. "दोघांनाही तीन-तीन लिहा," आमचे मालक म्हणाले. "आणि लवकर द्या. निसर्गाच्या कुशीला लावता तेवढा वेळ याला लावू नका."

मी पहिला मसुदा परदेशी वळणाचा केला. चिरडून टाकीन, लोळवीन, वगैरे. तो घेऊन शेडमध्ये गेले. आव्हानवीर हातात कागद घेऊन ताठ उभा राहिला, शाळेत प्रतिज्ञा म्हणतात तसा. "म्हाताऱ्या, तुझे दिवस संपले," एवढं वाचून तो थांबला.

"ताई, हे 'अहो'मध्ये करून मिळेल का?"

"का?"

"दादांना मी कधी अरे-तुरे केलेलं नाही."

"अरे, त्यांच्या तोंडावर ठोसा मारणार आहेस ना तू?"

"ते वेगळं."

चॅम्पियन खाली बसून बुटाची नाडी ओवत होता. मान वर न करता म्हणाला, "बरोबर हाय त्याचं."

तेव्हा मला जे कळलं ते खरं म्हणजे मला जन्मापासून माहीत असायला हवं होतं. मी ज्या पेठेत वाढले तिथे माणसाला जिवंत सोलायचं असेल तर त्याला 'आपण' म्हणतात. मी रात्रीचं जेवण होईपर्यंत सगळं पुन्हा लिहिलं. 'आपण दमलात तर निःसंकोच सांगा, खुर्ची मागवू.' 'आपल्याला पाहायला लोक लांबून येणार आहेत. शक्य तितका वेळ उभं राहता आलं तर बघावं.' चॅम्पियनसाठी: 'आपण येण्याची तसदी घेताय, बरं वाटलं. परतीची रिक्षा सांगून ठेवली आहे.' माझी एम.ए.ची पदवी इतकी उपयोगाला पूर्वी कधी आली नव्हती.

तालमीत दुसरी अडचण निघाली. चॅम्पियन अपमान कबूल करत होता.

"आपण दमलात तर खुर्ची मागवू," आव्हानवीर म्हणाला.

"मागव," चॅम्पियन म्हणाला. "गुडघा दुखतो माझा दुसऱ्या राउंडपासनं."

बिल्डर कपाळाला हात लावून बसला. "अहो, तुम्ही हो म्हणू नका. तुम्ही चिडा."

"कशावर? खोटं कुठं बोलला तो?"

पत्रकार परिषद क्लबातच झाली. प्लास्टर ओलं होतं, म्हणून भिंतींना टेकू नका अशी पाटी होती. ती आमच्याच संस्थेने लिहिलेली, आणि 'टेकल्यास कपड्यांचा रंग आपोआप बदलून मिळेल' हे मालकांचं स्वतःचं. दीपप्रज्वलन झालं. स्वागत झालं. प्रास्ताविक करणाऱ्याचा परिचय एकाने करून दिला, त्याचा परिचय दुसऱ्याने. मग मखमली रुमालाखालून पट्टा काढला. बिल्डरने तो पितळेचा करवून घेतला होता आणि तो इतका जड झाला होता की कमरेला लावल्यावर चॅम्पियनला एका हाताने विजार धरावी लागली. अशा अवस्थेत त्याने रिक्षाचं वाक्य म्हटलं. जेवणासाठी आलेले पत्रकार हसले. आव्हानवीराने खुर्चीचं वाक्य म्हटलं, ते आणखी हसले. बिल्डर माझ्याकडे बघून मान हलवत होता. हवा तयार होत होती.

मग एक छायाचित्रकार म्हणाला, हाताला पट्ट्या बांधून मुठी वळून समोरासमोर उभे राहा.

ग्लोव्हज घालण्याआधी बॉक्सर हाताला कापडी पट्टी गुंडाळतात. स्वतःची स्वतः बांधता येते, पण त्या शेडमध्ये पद्धत अशी की धाकट्याची थोरल्याने बांधायची. आव्हानवीर शाळेत असल्यापासून त्याचे हात दुसऱ्या कुणी बांधलेले नव्हते. त्याने विचारही न करता दोन्ही हात पुढे केले. चॅम्पियननेही विचार न करता विजार सोडून पट्टी घेतली, पट्टा काढून टेबलावर ठेवला आणि बांधायला सुरुवात केली. मनगटाला वेढे, अंगठ्याभोवती एक, मग बोटांच्या मधून.

"घट्ट झालं का?"

"नाही दादा."

"मूठ कर. हां. उघड."

सगळे कॅमेरे चालू होते. बिल्डर खुर्च्यांच्या मागून वाकत वाकत आला. "अहो, काय करताय? दुश्मन हाय तो तुमचा."

"ढिली ऱ्हायली तर अंगठा मोडंल."

"मोडू द्या की. तुमचाच फायदा हाय."

चॅम्पियनने शेवटचा वेढा नीट खोचला. "अंगठा मोडलेल्या माणसाला हरवलं म्हणून नोकरी देणार का तुम्ही?"

बिल्डर म्हणाला, "तसं नव्हं," आणि वाकतच परत गेला.

दुसऱ्या दिवशी एका वर्तमानपत्राने तो फोटो छापला. छापणाऱ्याने बॉक्सिंग कधी पाहिलं नसावं. खाली मजकूर होता: सामन्याआधीच आव्हानवीर जखमी, खुद्द विजेत्याकडून मलमपट्टी.

दुपारपर्यंत आमच्या कार्यालयात फोन सुरू झाले. आव्हानवीराच्या वडिलांच्या कचेरीतून चौकशी. बँकेतून चौकशी. एका हाडवैद्याने मोफत उपचाराची तयारी दाखवली, सोबत नावाचा फलक लावण्याच्या अटीवर. बिल्डर खूश होता. "पुढं ढकलू या सामना," तो आमच्या मालकांना फोनवर म्हणाला. "उद्घाटन ठरल्या दिवशी उरकू, सामना दिवाळीनंतर. तवर हवा वाढंल."

संध्याकाळी चॅम्पियन आमचा जिना चढून आला. दंतवैद्याकडे थांबलेल्या लोकांनी त्याला वाट दिली. बहुधा दात पडून आलाय असं त्यांना वाटलं. माझ्या टेबलासमोर बसला, पाणी प्यायला.

"मॅडम, क्लब ठरल्या दिवशी चालू होणार. मग जिमला माणूस लगेच लागंल. सामना दिवाळीनंतर झाला तर तवर मुंबईचा कुणी सर्टिफिकेटवाला येऊन बसंल. तो मग उठतो व्हय?"

"नाही उठणार."

"मग एक खुलासा लिहा. पोरगा ठीक हाय म्हणून. माझ्या नावानं लिहा. अपमान लिहिलेत, तर हे तर सोपं हाय."

मी लिहिलं. जास्तीत जास्त साधं लिहिलं. 'आव्हानवीराला कोणतीही दुखापत झालेली नाही. मी स्वतः त्याचे हात पाहिले आहेत. सामना ठरल्या दिवशी व्हावा, अशी माझी इच्छा आहे.' खाली 'विजेता'. चॅम्पियनने वाचलं, म्हणाला, "हे खरंय," आणि गेला.

ते छापून आलं आणि पुण्याने ते डोक्यावर घेतलं. 'मी स्वतः त्याचे हात पाहिले आहेत', असा टोला गेल्या कित्येक वर्षांत कुणी हाणला नव्हता, असं आमच्या दूधवाल्यापासून दंतवैद्यापर्यंत सगळ्यांचं मत पडलं. म्हणजे त्या हातांत काही नाही, हे केवढ्या सभ्यपणे सांगितलं. अमृततुल्याच्या बाकावर लोक एकमेकांना ऐकवत होते. वाचकांच्या पत्रव्यवहारात एका निवृत्त शिक्षकांनी त्यातल्या संयमाची दाद दिली आणि हल्लीच्या राजकारण्यांनी यातून शिकावं असं सुचवलं. आमचे मालक, ज्यांनी मला कधी 'बरं आहे' याच्यापुढे काही म्हटलं नव्हतं, ते म्हणाले, "जमलं आहे." मी सांगून पाहिलं की त्यात काहीच नाही, तो नुसता खुलासा आहे. त्यावर ते हसले आणि हेही जमलं असं म्हणाले.

आव्हानवीराचाही फोन आला. "ताई, दादांचं वाक्य एकदम सॉलिड. घरी पप्पा पण हसले."

"अरे, ते मनापासून म्हटलंय त्यांनी."

"हो ना. म्हणूनच लागतंय."

सामन्याची सगळी तिकिटं संपली, त्यामुळे सामना पुढे ढकलण्याचं कुणी बोलेना. ज्या शहरात साध्या वाक्याला साधं समजत नाहीत, तिथे खरं बोलून काम होतं, पण ते खरं बोलल्यामुळे होत नाही. हे मी तेव्हा लिहून ठेवलं नाही, कारण दुपारी एका रो हाऊसची जाहिरात द्यायची होती.

सामन्याच्या दिवशी भाषणं इतकी चालली की दोघांनाही पुन्हा अंग गरम करावं लागलं. चॅम्पियनने आव्हानवीराचे हात बांधले, मग स्वतःचे बांधले, मग दोघं रिंगमध्ये गेले. मला बॉक्सिंग कळत नाही. मला एवढं दिसलं की पहिला राउंड पोराचा होता, दुसऱ्यापासून चॅम्पियनचा डावा पाय जरा ओढत होता, आणि तो मागे सरकणं बंद करून एका जागी उभा राहिला. पोरगा आत यायचा, दोन खायचा, एक द्यायचा. लोक मधूनच 'हात पाहा, हात पाहा' असं ओरडत होते, आणि चॅम्पियनच्या चेहऱ्यावर आपण काय विनोद केला आहे याचा पत्ता नव्हता. शेवटी त्याच्या भुवईतून रक्त येत होतं. पंचांनी त्याचा हात वर केला. फरक थोडासाच होता. त्याची बायको पहिल्या रांगेत होती. तिने पदर सावरला आणि बिल्डरकडे बघितलं, नवऱ्याकडे नंतर.

नोकरी मिळाली. बिल्डरने शब्द पाळला, हे त्याच्या बाजूने सांगायला हवं. निळा ब्लेझर मिळाला, छातीवर नावाची पट्टी मिळाली. पहिल्याच आठवड्यात क्लबच्या व्यवस्थापकाने त्याला बोलावून सांगितलं की आता रिंग बंद. क्लबच्या रंगीत पत्रकावर त्याचा फोटो टाकायचा होता. भुवईची खूण चालेल, तिने दर्जा वाढतो. पण पुढे नाक मोडलं, दात पडला, तर पत्रकं पुन्हा छापावी लागतील. शिवाय मेंबर लोकांसमोर सुजलेलं तोंड घेऊन कसं उभं राहणार.

"मग पट्टा?" मी विचारलं.

"काचेच्या कपाटात ठेवलाय. रिसेप्शनला. चांगला दिसतो."

"आणि अजिंक्यपद?"

"ते सोडलं," तो म्हणाला. "प्रॉव्हिडंट फंड सुरू झाला."

तो तक्रार करत नव्हता. मी दोनदा विचारून खात्री करून घेतली; पेठेतल्या माणसाला तेवढी सवय असते.

पुढच्या वर्षी मोकळ्या झालेल्या अजिंक्यपदासाठी आव्हानवीर आणि खडकीचा एक मुलगा लढले. चॅम्पियन प्रमुख पाहुणा होता. शाल झाली, श्रीफळ झालं, आणि एका नगरसेवकाने खेळाचं महत्त्व सांगायला सुरुवात केली. चॅम्पियन ब्लेझरमध्ये ताठ बसून मनगटावरचं घड्याळ बघत होता. मग व्यासपीठाच्या कडेने माझ्यापर्यंत आला. "मॅडम, सातची बॅच हाय. निघतो." रिंगमध्ये अजून कुणी आलंही नव्हतं.

आव्हानवीर जिंकला. दुसऱ्या दिवशी सकाळी कार्यालयात फोन आला.

"कसा जिंकला?" चॅम्पियनने विचारलं.

"छान जिंकला. पेपरात आलंय सगळं."

"ते वाचलं. डावा हात वर ठेवला होता का त्यानं? शेवटच्या राउंडला तो डावा खाली सोडतो."

मी आठवून पाहिलं. मला दोन घामेजलेली माणसं आणि नगरसेवक एवढंच आठवत होतं. तरी मी जे पाहिलं ते एकेक करून सांगितलं: तो कोणत्या बाजूला उभा होता, खडकीच्या मुलाला दोराकडे कधी रेटलं, कुठे अडखळला. तो मधे मधे "मग?" म्हणत होता, आणि मागे ट्रेडमिलचा घरघराट चालू होता.

"एक मिनिट," तो म्हणाला, आणि फोन बाजूला धरून कुणाला तरी सांगितलं, "पाठ सरळ ठेवा, सर." मग पुन्हा फोनवर आला. "हां, दोराकडे रेटलं. मग?"