दिवाळी अंकाने भरलेल्या बारा चौकटी

मयूर विहारच्या आमच्या सोसायटीत केबल आली, तेव्हा नवऱ्याने मोठा रंगीत टीव्ही आणला आणि बैठकीतल्या लोखंडी कपाटाकडे बोट दाखवलं. त्यात आमच्या मराठी मंडळाची पुस्तकं होती.

"हे हलव. वर्षभरात कुणी चार पुस्तकं नेली का?"

नेली नव्हती. पण दुसऱ्या कुणाच्या फ्लॅटमध्ये जागा नव्हती. आमच्याकडून हललं की कपाट भंगारात आणि पुस्तकं रद्दीत, हे उघड होतं. मी पुढच्या दिवाळीपर्यंत मुदत मागितली. तोवर टीव्ही जेवणाच्या टेबलावर राहील आणि आपण जमिनीवर जेवू, अशी तडजोड झाली.

दिवाळीच्या पाडव्यालाच मी घरोघर कार्डं वाटली. प्रत्येकावर बारा चौकटी: कविता, प्रवास, नाटक, विज्ञान, विनोद वगैरे. वर्षभरात बाराही प्रकार वाचून खुणा करायच्या. मी स्वतः फक्त रहस्यकथा वाचायची, त्यामुळे अकरा चौकटी मलाही जड होत्या.

आठवड्याच्या आत वरच्या मजल्यावरचे निवृत्त सुभेदार दारात हजर. युद्धाखेरीज दुसरं काही न वाचणारा माणूस.

"घ्या वहिनी. मोहीम फत्ते."

बाराही चौकटींत खुणा होत्या.

"पण तुम्ही पुस्तकं नेलीत कधी?"

"पुस्तकं कशाला? पुण्याहून दिवाळी अंक आला ना. कविता आहे, प्रवास आहे, छोटं नाटकही आहे. राशिभविष्य विज्ञानात धरलंय."

"राशिभविष्य विज्ञानात?"

"मग विनोदात धरा."

ही युक्ती त्यांनी जिना उतरता उतरता सगळ्यांना सांगितली होती. रविवारपर्यंत माझ्याकडे भरलेल्या कार्डांची चळत जमली आणि कपाटातलं एकही पुस्तक हललं नव्हतं.

"बिल्कुल यशस्वी," नवरा जमिनीवर मांडी घालत म्हणाला. "कबाडीवाल्याला कधी बोलावू?"

मी त्याच संध्याकाळी नियम बदलला. अंकातलं वाचन म्हणजे फक्त चव. खूण पक्की व्हायला त्या प्रकारचं एक अख्खं पुस्तक कपाटातून न्यायचं.

"परेड संपल्यावर पुन्हा परेड," सुभेदार कुरकुरले; पण हार मानणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. ते कवितासंग्रह घेऊन गेले. दुसरा मी घेतला. रहस्यकथेच्या सवयीने आधी शेवटचं पान उघडलं, तर तिथेही काही उलगडत नव्हतं. मग नाइलाजाने पहिल्यापासून वाचला, आणि पुन्हा एकदा वाचला.

उन्हाळ्यापर्यंत कपाट जवळजवळ रिकामं झालं. मी खूश होते, नवरा माझ्याहून खूश.

"आता उचलायलाही हलकं झालंय."

मी टेप आणून कपाटाची आणि टीव्हीची मापं घेतली. मधल्या दोन फळ्या काढल्या आणि दोघांनी मिळून टीव्ही आत ठेवला. त्याचं तोंड जरा बाहेर राहिलं, दारं लागेनात, पण बसला. आम्ही टेबलावर जेवू लागलो.

अडचण एकच होती: आता सगळी पुस्तकं एकदम परत आली तर ठेवायला जागा नव्हती.

सुभेदार कवितासंग्रह परत करायला आले.

"जागा नाही," मी म्हटलं. "एक घेऊन जा, मग हे ठेवते."

त्यांनी टीव्हीवरच्या बातम्या थोडा वेळ उभ्याने पाहिल्या. मग वरच्या फळीकडे नजर टाकली.

"अच्छा. नाटक द्या. पण पातळ बघून."