साडूभाऊ आणि उतरणारं पातं

ज्या वस्तूला कुठेही सांधा आहे, ती माझ्या साडूभाऊंच्या हातून न हलता सुटलेली मी बावीस वर्षांत एकदाही पाहिली नाही. आमच्या घरी आले की पाण्याचा तांब्या हातात घेण्याआधी ते दाराची कडी हलवत, मग खाटेचे चारही पाय, मग मी बसलेली खुर्ची, माझ्यासकट. "काऊन बसून राहिले तुम्ही अशा डुगडुगीवर?" असं म्हणून मला उठवत आणि सदऱ्याच्या खिशातून लाकडाची पाचर काढत. एकदा मी त्या पाचरी मोजल्या, सतरा निघाल्या. पुतणीसाठी स्थळ पाहायला आम्ही नागऱ्याला गेलो, तेव्हा मुलाचे वडील बसायला वाकले आणि यांनी "थांबा जी, याचा पाय ढिला हाय" म्हणत त्यांच्या खालचा बाक ओढून उलटा केला. लग्न जमलं, त्याचं श्रेय मुलाच्या वडिलांच्या स्वभावाला. पंगतीत यांनी मध्ये न उठता सलग पाच घास खाल्ले असं सहसा होत नसे. शेजाऱ्याचा पाट डुगडुगत असे ना!

असा माणूस गोंदियाला स्टेशनामागच्या एका आरागिरणीत मिस्त्री होता आणि त्याच्याच आऱ्यात ढिलेपणा शिरला. आरा जुना, गोल पात्याचा. लोखंडी टेबलाच्या फटीतून पातं वर आलेलं, आणि टेबलाखालचं चाक फिरवलं की एका मळसूत्री दांड्यावर ते वर-खाली होई. चौकटींना अर्धा इंच खोल खाच पाडायचं काम त्यावर चाले. आता खाच अर्ध्या इंचाने सुरू होई आणि लाकूड संपेपर्यंत पाव इंचावर येई, कारण पातं चालता चालता आपोआप खाली उतरत होतं. चाळीस चौकटींपैकी अकरा वाया गेल्या. लढाईचे दिवस, सुटे भाग कुठेच मिळत नव्हते. शेठनी सांगितलं, "मिस्तरी, शनिचर तक देखता हूँ. नहीं तो ये कबाड में जाएगा, नागपूरहून नवीन मशीन येईल. आदमी भी साथ में आएगा." साडूभाऊ चौपन्न वर्षांचे होते. त्यांना दुसरं काही येत नव्हतं.

पाचव्या दिवशी मेहुणीबाई स्वतः आमच्या दारात आल्या. "जेवत नाहीत जी. ताटावर बसून हवेतच चाक फिरवून राहिले. रात्री माझ्या बांगड्यासुद्धा घट्ट आहेत का पाहिल्या!"

मी गिरणीत गेलो. साडूभाऊ टेबलाखाली उताणे पडले होते. बाहेर फक्त पाय, आणि तेही हलत होते. त्यांनी प्रत्येक बोल्ट आवळला होता, पट्टा बदलला होता, बेअरिंगखाली पितळी पत्रा घातला होता. "सगळं घट्ट हाय, साडूभाऊ. मग उतरते कायले?"

"पाहताना पातं कुठं ठेवता?"

"पूर्ण वर. त्याशिवाय खाली हात कसा शिरल?"

मला यंत्रातलं कळत नाही, मोजायचं कळतं. मी म्हटलं, पातं अगदी खाली न्या आणि एकेक फेरा वर घ्या. दर फेऱ्याला चाक उलटं फिरवून किती रिकामं जातं ते बघू. खडूने टेबलावर लिहीत गेलो. बारा फेऱ्यांपैकी दहा ठिकाणी काही नाही. तिसऱ्या-चौथ्या फेऱ्याला मात्र चाक पाव फेरा नुसतंच फिरे. दांड्याच्या मळसूत्राच्या आट्या तेवढ्याच जागी झिजल्या होत्या. एकोणीस वर्षं चौकटींच्या खाचा पाडताना पातं रोज त्याच उंचीवर उभं राहिलं होतं. तपासायला ते वर नेलं की आटी कोरी, सगळं घट्ट!

साडूभाऊ माझ्याकडे असे पाहत राहिले, जणू मीच ती आटी झिजवली आहे. मग झटकन उठले. इंचभर जाडीचा बीजाच्या लाकडाचा एक पाट त्यांनी टेबलावर बोल्टने आवळला, आरा सुरू केला आणि चाक फिरवलं. पातं तो पाट चिरत वर आलं. चौकट आता पाटावरून सरकणार, म्हणून अर्ध्या इंचाच्या खाचेसाठी पातं इंचभर जास्त वर, सातव्या फेऱ्यावर, कोऱ्या आटीत. पहिल्या चौकटीची खाच मी तीन ठिकाणी मोजली. तिन्हीकडे अर्धा इंच. शनिवारी शेठनी बोट घालून पाहिलं आणि "चलने दो" एवढंच म्हणून ते निघून गेले.

पुढच्या सुट्टीच्या दिवशी साडूभाऊ घरी सापडले नाहीत. बंद गिरणीत आऱ्यापाशी उभे होते. पाट काढून ठेवलेला, पातं जुन्या उंचीवर आणलेलं.

"आता काय पाहून राहिले? चालते ना आरा?"

त्यांनी माझा हात धरून चाकावर ठेवला. चाक पाव फेरा रिकामं फिरलं, मागे घेतलं, पुन्हा फिरलं.

"एकोणीस वर्षं," ते हळूच म्हणाले. "मोजली तं पाव फेरा, एवढीशीच निघाली."

मी चाक आणखी एकदा फिरवून पाहिलं. मग दोघांनी मिळून पाट उचलला आणि जागेवर बसवला.