गरुडाचं तिकीट

नगरच्या एमआयडीसीत टेम्पोतून पोती उतरवताना माझी कंबर गेली, तेव्हा जो आवाज झाला तो ऐकून शेजारच्या लष्करी कॅम्पातल्या जवानांना वाटलं तोफ सुटली, आणि अर्धी पलटण खंदकात उतरली. मला तिसगावात घरी आणून टाकल्यावर हे मी येईल त्याला सांगत होतो. पहिल्या आठवड्यात ऐकायला एवढी गर्दी, की खाटेभोवती बसायला पोती अंथरावी लागली. मग गर्दी पांगली. बाजाराच्या दिवशी आलेले पाहुणेसुद्धा दारातूनच "बरं हाय ना?" करून भाजी घ्यायला पळू लागले. डॉक्टरांनी पाठीवर पडून राहायला सांगितलेलं. वर पत्रा, खाली मी. पत्र्यावरच्या पालीशी मी घरगुती अडचणी बोलायला लागलो आणि तीही, मला वाटतं, कंटाळून शेजारी राहायला गेली.

तेव्हा वहिनीनं माझ्या मोबाईलवर तो पत्त्यांचा खेळ टाकून दिला.

खेळ सोपा. आपल्याकडे लढवय्यांचे पत्ते असतात. त्यातले चार निवडायचे, एकामागं एक उभे करायचे, बटण दाबायचं आणि गप बघत बसायचं. पत्ते आपले आपण लढतात. हुशारी सगळी निवडण्यात. मेख एवढीच, की दर लढाईला नियम वेगळा. कधी 'जादू बंद', कधी 'मागच्याला आधी मार', कधी 'हलक्यांनाच प्रवेश'. काल ज्यानं डोंगर फोडले तो आज चुलीत घालायच्या लायकीचा.

"अरे, हे तर सोसायटीचं पॅनल बांधण्यासारखं आहे!" मास्तर म्हणाले. चार घरं सोडून राहणारे, शाळेतून निवृत्त झालेले मास्तर. ते खाटेजवळ खुर्ची ओढून बसले ते रोज संध्याकाळी बसू लागले. त्यांच्यामागून दूध संकलनवाले अण्णा आले. वहिनी भाकरी थापता थापता आतून सल्ले देऊ लागली. खेळात चौघांच्या नावानं गट नोंदवला, खेळायचा मात्र माझ्याच मोबाईलवर. आणि आम्ही चढत चढत थेट वरच्या वर्गात गेलो. खोटं सांगत नाही, आमची फळी उभी राहिली की समोरच्याचं नेटवर्क आपोआप जायचं.

पण पॅनल म्हटल्यावर पॅनलचे रोगही आले. आमच्याकडं पॅनल बांधताना कोण निवडून येईल हे शेवटी बघतात. आधी बघतात कुणाची भावकी राहिली. तसं प्रत्येकानं एकेक पत्ता आपला मानला. मास्तरांचा गरुड, बिजलीसारखा चपळ. अण्णांचा रेडा, संथ, पण एकदा वळला की वाडी साफ. वहिनीची वैदीण, ती जखमा भरायची. माझा घोडेस्वार. नियम कुठलाही येवो, हे चार आतच. माणशी एक जागा. गरुडाला एकदा मागं उभं केलं तर मास्तर चहा न पिता गेले होते. हा गडी असा की सख्ख्या भावाच्या घरच्या लग्नात हार दुसऱ्या नंबरला आला म्हणून अजून त्या घरचं पाणी पीत नाही.

त्या मानपानापायी आम्ही लागोपाठ हरत घसरणीला लागलो. हंगामाची शेवटची लढाई उरली. ती हरलो तर वरचा वर्ग जाणार, आणि वर्ग गेला की गट मोडणार. ज्यानं त्यानं एकेकटं खेळावं, असा त्या खेळाचा कायदा.

"मोडला तर मोडला," अण्णा म्हणाले. "माझ्याकडंबी दूध वाढलंय. सांजच्याला डेरीतनं निघनं हुत न्हाई."

त्यांनी हे तंबाखू चोळता चोळता सहज म्हटलं. वर्ग जाईना का, पण गट मोडला तर ह्या खाटेकडं कोण येणार होतं? पाल तर आधीच गेलेली.

शेवटच्या लढाईचा नियम पडला: 'उलटी चाल. जो सगळ्यात संथ, तो आधी मारणार.'

उलट्या चालीत रेडा राजा. वैदीण चालेल. पण गरुड? त्याची पाळी येईपर्यंत त्याच्या पिसांच्या उशा झालेल्या असणार. माझा घोडा तसाच. दोघांच्या जागी कासव आणि दगडी राक्षस घेतले की लढाई आपली. आता मास्तरांना कसं सांगायचं? घेतला तर हरतो, आणि कुणीच येत नाही. वगळला तर मास्तर येत नाहीत.

मग मी गावचा जुना डाव टाकला. माघारीच्या दिवशी पुढारी आधी स्वतःच्या भावाचा अर्ज मागं घेतो, म्हणजे दुसऱ्याला लाजेनं मागं घ्यावाच लागतो. मी छाती पुढं काढून, म्हणजे पडल्या पडल्या जेवढी निघेल तेवढी काढून, म्हणालो, "मास्तर, गटासाठी मी माझा घोडा मागं घेतो."

मास्तरांचे डोळे भरून आले. "याला म्हणतात त्याग," ते म्हणाले. "जागा झालीच आहे, तर गरुडाच्या जोडीला माझा ससाणा पण घे, तोही तसाच चपळ."

आत वहिनीच्या हातचं उलथणं खाली पडलं. "आता ससाना बी?" ती बाहेर येत म्हणाली. "भावजी, लढायला चाललाय का पाखरं उडवायला?"

"वहिनी, तुम्हाला यातलं..."

"समदं कळतंय, मास्तर. उलटी चाल हाय. ज्याला लई घाई त्यो आधी मरनार."

"अण्णा, तुम्ही सांगा!" मी कळवळलो.

अण्णांनी खिडकीबाहेर पिचकारी टाकली. "आपला रेडा हाय ना आत? मंग आपलं काय म्हननं न्हाई."

पडद्यावर वेळ संपत आली होती. मास्तर माझ्याकडं बघत होते, परीक्षेत पोरगं कॉपी करतंय का बघावं तसं. मी अंगठा उचलला. त्यांच्या डोळ्यांदेखत गरुड काढला, कासव घातलं. ससाण्याला हातच लावला नाही, दगडी राक्षस उभा केला. बटण दाबलं.

काय लढाई झाली म्हणता! रेड्यानं पहिल्याच धडकेत समोरची अर्धी फळी आडवी केली. दगडी राक्षस चालला की खाट हालत होती. आम्ही जिंकलो. अण्णांनी मांडीवर थाप मारली ती वेशीपर्यंत गेली. मास्तर उठले, खुर्ची होती तिथं भिंतीला नीट लावली आणि गेले.

दुसऱ्या दिवशी अण्णा आले, मास्तर नाही. तिसऱ्या दिवशी तसंच. फोन केला तर वाजून वाजून बंद. अण्णा घटकाभर टेकायचे, डेरीच्या नावानं उठायचे. वरच्या वर्गातला गट आमचा. पण माझी नजर सारखी भिंतीला लावलेल्या खुर्चीकडं जायची. वर्तमानपत्र वाचून दाखवताना मास्तर मध्येच संपादकाला शिव्या द्यायचे, त्या शिव्यांवाचून बातमीला चव नाही, हे तेव्हा समजलं.

मग एके दिवशी नव्या लढाईचा नियम आला: 'चपळांना दुप्पट जोर.' मी वहिनीला हाक मारली, ती गोठ्यात. मी डॉक्टरांनी दिलेला कमरेचा पट्टा आवळला आणि उठलो.

चार घरं! पण ती चार घरं चालताना मला वाटलं, जामखेडला पायी निघालोय आणि वाटेत रस्ता लांबवतायत. भिंती धरत, खांब धरत, एकदा तर कुणाची शेळी धरत मी मास्तरांच्या ओट्यापाशी पोचलो.

"मास्तर, चपळांचा नियम पडलाय. गरुड पहिल्या जागी. ससाणा दुसऱ्या."

मास्तर दारात आले. आधी माझ्या पायांकडं बघितलं, मग तोंडाकडं, मग परत पायांकडं.

"चालत आलास?"

"व्हय."

"मग झालं तर." त्यांनी चष्मा काढून धोतराला पुसला. "लेका, तू पडून होतास म्हणून मी येत होतो. गरुडाचं काय, कागदाचासुद्धा नाही तो. आता तू हिंडायला लागलास. आता मला कशाला बोलावतोस?"

गरुडापायी फोन न उचलणारा माणूस हे सांगत होता, पण तसं म्हणायची सोय नव्हती. दोन पायांवर उभा होतो आणि तीच चूक झाली होती. मग मी काय करावं? मी ओट्याला धरलं, हळूच खाली बसलो आणि असा विव्हळलो की समोरच्या घरातली म्हातारी देवाचं नाव घेत बाहेर आली. त्यात कळ किती आणि कला किती, ते माझं मलाही सांगता येणार नाही. डोळ्यांतलं पाणी मात्र कमरेचं नव्हतं.

मास्तर कमरेवर हात ठेवून बघत राहिले. "नाटकी कुठला," ते म्हणाले. मग पायात वहाणा सरकवल्या आणि माझ्या काखेत हात घातला. "ऊठ. सगळं ओझं माझ्यावर टाकू नकोस, मलाही एकच कंबर आहे."

मी ओझं थोडं जास्तच टाकलं.