सरांच्या सरड्यासाठी पाळलेली झुरळं

नव्वद सालाच्या आसपास मी जालन्याला बी.एस्सी. करत होतो. आमच्या घरात त्याआधी कुणी दहावीच्या पुढे गेलं नव्हतं. टेंभुर्णीहून आलेल्या माझ्यासारख्याला प्राणिशास्त्राच्या सरांनी इंग्रजी पुस्तकाचं पान न् पान मराठीत समजावून सांगितलं नसतं, तर मी पहिल्याच वर्षी गावी परतलो असतो. म्हणून त्यांनी झुरळं पाळायला सांगितली तेव्हा मला कमीपणा वाटला नाही.

सरांकडे एक हिरवा सरडा होता, दोन डोळे दोन दिशांना फिरवणारा. पत्नी वारल्यापासून त्यांच्या घरात त्यांच्या सोबतीला तेवढाच. त्याला रोज जिवंत किडे लागत. मी मेसच्या मागच्या गटारीतून झुरळं धरली. तेलाचा पत्र्याचा मोठा डबा घेतला, आत अंड्यांचे पुठ्ठे उभे केले, झुरळं चढू नयेत म्हणून कडेला आतून तेलाचा हात फिरवला आणि तोंडाला फडकं बांधलं. खायला गिरणीतला ज्वारीचा कोंडा, प्यायला ओला कापूस. काही महिन्यांत पिल्लं झाली. डब्याला कान लावला की वाळक्या पाल्यावरून कुणी सावकाश चालल्यासारखी सळसळ ऐकू येई.

पुढे सर महिन्याभराच्या प्रशिक्षणाला गेले आणि सरडा माझ्या खोलीवर आला. जाताना ते एवढंच म्हणाले, "जप रे त्याला."

कोंडा संपला म्हणून शनिवारी गावी गेलो. मायला सगळं सांगितलं. ती कोंडा द्यायला तयारच होईना.

"सरांचं काम हाय. कोंडा देत असतेत का कुठं?"

किडे आहेत गं ते, मी म्हटलं.

"असू दे. सरांचेच हायेत ना?"

पाहुण्यांसाठी राखून ठेवलेला तांदूळ तिनं पिशवीभर दिला. घरी आम्ही भाकरीच खायचो. तो तांदूळ मी तसाच मूठमूठ डब्यात टाकत गेलो.

आठवड्याभरात झुरळं उताणी पडू लागली. मेलेली मी फेकायचो, मंद झालेली सरड्यापुढे सोडायचो. त्याला ती झटकन सापडत. मग त्यानं खाणं सोडलं. रंग राखेसारखा झाला, डोळे खोल गेले. एक डोळा मिटलेला असला तरी दुसरा माझ्यावर असायचा. सर परतायच्या दहा दिवस आधी तो फांदीवरून खाली पडला, पायांची पकड तशीच.

त्या शनिवारी घरी पाहुणे होते. माय परातीत तांदूळ धूत होती आणि पाणी चुन्यासारखं पांढरं निघत होतं. मी विचारलं तर ती सहज म्हणाली की कीड लागू नये म्हणून बोरिक पावडर चोळलेली असते, तीन पाणी तरी धुवावा लागतो. मला कधी ठाऊकच नव्हतं. मला फक्त ताटातला भात माहीत होता.

"खाल्ला का रं तांदूळ सरांच्या किड्यानं?"

"खाल्ला," मी म्हणालो.

सर आले. सरडा म्हातारा झाला होता, असं म्हणून त्यांनी उलट माझीच समजूत काढली. मग झुरळं कशानं मेली ते लिहायला त्यांच्या नोंदींची वही उघडून विचारलं, "खाण्यात काही बदल केला होतास?"

मायनं पिशवीला बांधलेली गाठ माझ्या डोळ्यांपुढे आली.

"नाही सर. कोंडाच."

त्यांनी माझ्यासमोर लिहिलं: साठवलेला ज्वारीचा कोंडा झुरळांना घातक. त्याखाली रेघ ओढली. पुढच्या प्रत्येक वर्गाला ते हेच सांगत राहिले. माझ्यानंतर त्यांच्याकडे शिकलेली मुलं भेटली की गमतीनं मला 'कोंडावाले' म्हणत.

निवृत्त होताना ती वही त्यांनी मला दिली. मीही तोवर शिक्षक झालो होतो. तू सुरुवात केलीस, तुझ्याकडेच राहू दे, म्हणाले. तेव्हा सांगायला हवं होतं. मी पाया पडलो आणि वही घेऊन निघालो.

त्या पावडरीनंच सरडा मेला की नाही, हे मला आजही खात्रीनं सांगता येणार नाही. कोंड्यानं मेला नाही, एवढं नक्की. सर आता नाहीत. ते वाक्य खोडायला मी दोनदा पेन उघडलं. पण अक्षर त्यांचं आहे. खोडलं तर चूक त्यांची दिसेल.