दिग्रसची एक वर्ष आधी आलेली शंभरी

दिग्रसच्या जुन्या वाचनालयातलं दुर्मीळ साहित्याचं कपाट वर्षातून एकदाच, वसंत पंचमीला, सगळ्यांसाठी उघडतात. यंदा वाचनालयाची शंभरी, म्हणून प्रदर्शनातल्या वस्तूंशेजारी ठेवायच्या माहितीच्या चिठ्ठ्या लिहायला आत्याने मला बोलावलं. ती तिथे ग्रंथपाल आहे. 'येते' आणि 'जमणार नाही' असे दोन्ही मेसेज लिहून पुसले आणि शेवटी आदल्या दिवशी सकाळी यवतमाळजवळच्या लोहाऱ्याहून निघाले.

यवतमाळहून दारव्हामार्गे एसटीने जावं. बायकांना अर्धं तिकीट आहे. दारव्ह्याचा बाजार असेल त्या दिवशी मात्र बसायची आशा ठेवू नका. मला जागा मिळाली, तर तुरीचं पोतं घेतलेल्या एका मावशींनी कोपराने ढोसलं. "सरक ना बाई. वावर नाई मागून राह्यली, टेकाले जागा मागून राह्यली." स्टँडवरचा आलूबोंडा तर्रीसकट खा, पण पाणी जवळ ठेवून.

दिग्रसला कापसाच्या गाड्यांमधून वाट काढत वाचनालय गाठलं. कपाटात हस्तलिखित अंक, नाटकांच्या जाहिराती आणि उद्घाटनाची पत्रिका होती. पत्रिकेवर माघ शुद्ध पंचमी आणि शके. चिठ्ठीसाठी इसवी सन हवा होता. चौथीपर्यंत मी शाळेत गेले नाही, बाबांनीच घरी शिकवलं. पाटीवर रोज वर शके लिहावा लागे. त्यामुळे माघात अठ्ठ्याहत्तर नाही, एकोणऐंशी मिळवायचे, हे हातालाच ठाऊक होतं. मिळवले, आणि वाचनालयाला नव्याण्णवच वर्षं होत होती.

पुन्हा केलं. आत्याकडून करून घेतलं. तेवढ्यात अध्यक्ष अण्णा 'शतकपूर्ती'चा फलक घेऊन आले.

"अण्णा, शंभर पुढच्या वर्षी होतात."

"काहून? शकात अठ्ठ्याहत्तर मिळवले का सन निघते. आमच्या कमिटीनं तसाच काढला."

"माघ येईपर्यंत इंग्रजी वर्ष बदललेलं असतं." मी भिंतीवरच्या कॅलेंडरातला आजचा शके दाखवला. त्यातून पत्रिकेवरचा वजा केला की झालं. अण्णांनी पेपरच्या कोऱ्या कडेला वजाबाकी केली आणि पेपर घडी करून ठेवला.

"पाहुणे उद्या येऊन राह्यले. आता का वाचनालयाले सांगू, रातोरात म्हातारं हो म्हणून?" आत्या हसली. अण्णा नाही हसले. "एका वर्षानं का बिघडते? लिहून टाक शंभर."

"मी नाही लिहिणार, अण्णा. चिठ्ठी पत्रिकेच्या शेजारीच राहील. वाचणारा दोन्ही वाचेल." पेनाला टोपण लावलं.

"बापानं घरी शिकवलं तं पोरगी पंचांगच झाली!" म्हणत ते निघून गेले.

आत्याचा उद्याचा कार्यक्रम माझ्यामुळे बिघडणार, या विचाराने जेवण गेलं नाही. परतीच्या बसचीही चौकशी केली. पण बाकीच्या चिठ्ठ्या राहिल्या होत्या, म्हणून बसले. शेवटी पत्रिकेचीही लिहिली, खऱ्या सनाची, आणि काचेआड ठेवून दिली. काढायची तर अण्णांनी काढावी.

सकाळी फलकावरच्या 'शतकपूर्ती'वर कागद डकवलेला होता: 'शताब्दी वर्षारंभ'. सरस्वतीपूजन झाल्यावर अण्णा माइकसमोर उभे राहिले. "मंडळी, हिशोबात चूक झाली, आन् ते माही हाये. आज नव्याण्णव पुरे झाले, शंभरावं लागलं. शंभरीचा कार्यक्रम पुढच्या पंचमीले. पाहुणे मात्र आजच आले, तं हार आजच घालून घेऊ." मंडप हसला, पाहुणेही हसले.

मग ते कपाटाशी आले. चष्मा कपाळावर चढवून माझी चिठ्ठी वाचली. "अक्षर बरं हाये," एवढंच म्हणाले.

तुम्ही जाणार असाल तर पंचमीलाच जा. कपाटापाशी रेंगाळा, कोणी उठवत नाही. मी घरी आले ती दिवसभर कपाट दाखवून घसा बसलेली, पाय दुखणारी, आणि कधी नव्हे ती शांत झोपेन अशी. भांडणाची मला आजही भीती वाटते. पण भीती वाटत असतानाही नाही म्हणता येतं, एवढं दिग्रसहून घेऊन आले.

बाबांनी दारातच विचारलं, "कशी झाली शंभरी?"

म्हटलं, "व्हायची आहे."